पेपर सुटला की मुलांना बोलू द्या

दहावीचा पेपर सुटल्यावर शाळेच्या फाटकाबाहेर काय चालतं, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. प्रश्नपत्रिका हातात असते. ‘पाचव्यातला आ तू सोडवलास का?’, ‘टीप कुठली लिहिलीस?’ असं करत करत घोळका बसस्टॉपपर्यंत पोचतो आणि घरी येईतो मार्कांची बेरीज झालेली असते. याच सवयीत वाढलेले आईवडील पुढे न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक होतात. तिथे अकरावीतली मुलगी अमेरिकेच्या इतिहासाचा एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेत असतानाच देता येणारी महाविद्यालयीन पातळीची परीक्षा) पेपर देऊन येते, तेव्हा ते सहज म्हणतात, ‘दाखव बघू पेपर.’ तिच्याकडे दाखवायला काहीच नसतं. २०२५ पासून ही परीक्षा पूर्णपणे संगणकावर होते. कच्च्या कामाचा कागदसुद्धा वर्गातच जमा करावा लागतो. शिवाय परीक्षेला बसताना तिने ज्या अटी मान्य केल्या, त्यांनुसार पेपरातल्या ५५ बहुपर्यायी प्रश्नांपैकी एकाबद्दलही तिला पुढे कधीच, कोणाशीही बोलता येत नाही. शिकवणाऱ्या शिक्षकांशीही नाही.

लेखी प्रश्नांचं थोडं वेगळं आहे. परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड ते प्रश्न स्वतः संकेतस्थळावर टाकतं आणि त्यानंतर त्यांच्यावर उघड चर्चा करता येते. बहुपर्यायी प्रश्न मात्र कायमचे कुलूपबंद. नियम मोडला तर निकाल रद्द होऊ शकतो आणि पुढच्या परीक्षांना बसायलाही मनाई होऊ शकते.

हा नियम बदलायला हवा असं माझं ठाम मत आहे. परीक्षेनंतरची ताळा-पडताळणी हा इतिहास शिकण्याचा सगळ्यात मोलाचा तास असतो, आणि आज तोच तास मुलांना चोरून घालवावा लागतो.

आधी पेपर कसा असतो ते पाहू. एकूण वेळ ३ तास १५ मिनिटं. पहिल्या ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांचं वजन ४० टक्के. मग ४० मिनिटांत तीन छोटी उत्तरं, प्रत्येकात तीन उपप्रश्न, वजन २० टक्के. त्यातले दोन प्रश्न सक्तीचे आणि तिसरा दोनांतून निवडायचा. पुढे दस्तऐवजांवर आधारित मोठा प्रश्न, ज्याला मुलं सरळ ‘डीबीक्यू’ म्हणतात. त्याला वाचनाची १५ मिनिटं धरून एक तास आणि २५ टक्के. शेवटी ४० मिनिटांचा दीर्घ निबंध, तीन प्रश्नांतून एक, १५ टक्के. अभ्यासक्रम १४९१ पासून आजपर्यंतचा, नऊ कालखंडांत विभागलेला. पहिल्या आणि शेवटच्या कालखंडाला प्रत्येकी ४ ते ६ टक्केच वजन आहे, म्हणून कोलंबसपूर्व संस्कृतींत महिना घालवणारा मुलगा मार्चमध्ये अडचणीत येतो. दरवर्षी साडेचार लाखांहून जास्त मुलं ही परीक्षा देतात. जुलैमध्ये त्यांना १ ते ५ यांपैकी एक आकडा मिळतो. कुठे चुकलं, कुठे बरोबर आलं, यातलं काही कळत नाही.

खरी गंमत डीबीक्यूत आहे, आणि पेपर सुटल्यावरच्या गप्पाही तिथेच रंगतात. हा प्रकार या परीक्षेत १९७३ मध्ये आला. मुलांपुढे सात दस्तऐवज ठेवतात. त्यात एखादं पत्र, एखादं भाषण, व्यंगचित्र, कराराचा तुकडा असं काहीही असू शकतं. ते वापरून स्वतःचा दावा मांडायचा. गुण सात. थीसिसला, म्हणजे मुख्य दाव्याला एक, पूर्वपीठिकेला एक. तीन दस्तऐवजांतला मजकूर विषयाला धरून सांगितला तर एक गुण, चार दस्तऐवज दाव्याच्या समर्थनासाठी वापरले तर दोन. दस्तऐवजांबाहेरचा एक नेमका पुरावा दिला तर एक. किमान दोन दस्तऐवजांबाबत हे कोणी, कोणासाठी, कशासाठी, कुठल्या परिस्थितीत लिहिलं आणि त्याने युक्तिवादाला काय फरक पडतो, हे सांगितलं तर एक. आणि सातवा गुण विषयाची गुंतागुंत समजल्याचा, जो भल्याभल्यांच्या हातून निसटतो.

२०१८ चा डीबीक्यू घ्या. १८६५ ते १९१० या काळात जगातली अमेरिकेची भूमिका वाढत गेली, तिच्या वेगवेगळ्या कारणांचं तुलनात्मक महत्त्व जोखा, असा तो प्रश्न होता. आता तीन मुली बाहेर पडून आपापलं उत्तर सांगतायत असं समजा.

पहिलीने अर्थकारण वर ठेवलं. १८९३ ची मंदी, कारखान्यांत पडून राहिलेला माल, चीनच्या बाजारपेठेची ओढ, चीनचा व्यापार सगळ्या देशांना खुला ठेवा असं सांगणारी १८९९ आणि १९०० ची ‘ओपन डोअर’ पत्रं. दुसरीने आरमार वर ठेवलं. आरमाराचा पुरस्कर्ता लेखक मॅहन याचे विचार, जहाजांना कोळसा भरायला लागणारी बंदरं, १८९८ मध्ये हवाईचं विलीनीकरण, १९०३ मध्ये कालव्यासाठी पनामाची पट्टी. तिसरीने अर्थकारण, आरमार आणि ‘मागासांना सुधारण्याचं’ ध्येय ही तिन्ही कारणं लिहिली, प्रत्येकाला एकेक नेटका परिच्छेद दिला आणि वेळेत संपवलं. ती सगळ्यांत खूश असते. पहिल्या दोघींचं ऐकताना तिच्या लक्षात येतं की प्रश्न कारणं कोणती, असा नव्हताच. कुठलं कारण जास्त वजनदार आणि का, असा होता. तिने यादी केली, तुलना केली नाही. ही चूक वर्षभरात शिक्षकांनी दहा वेळा सांगितलेली असते, तरी ती अशी बरोबरीच्या मुलीच्या तोंडून, स्वतःचं उत्तर डोक्यात ताजं असताना जेवढी झोंबते तेवढी एरवी झोंबत नाही.

आता दुसऱ्या मुलीचं मॅहनवरचं वाक्य पाहा. ‘मॅहन म्हणतो की अमेरिकेला मोठं आरमार हवं’, एवढंच तिने लिहिलं असेल तर ते झालं वर्णन. पहिलीने लिहिलंय, ‘मॅहन स्वतः नौदलाचा अधिकारी होता आणि नौदलाच्या महाविद्यालयात शिकवायचा. आरमारावर खर्च व्हावा हा त्याचा हेतूच होता. त्यामुळे या उताऱ्यावरून सगळ्या देशाचं मत ठरवता येत नाही, पण आरमारवाद्यांची बाजू कशी मांडली जात होती ते कळतं.’ दोन्ही वाक्यांना माहिती जवळजवळ सारखीच लागते. फक्त पहिलीच्या वाक्यात लेखकाकडे बोट दाखवून ‘हा असं का म्हणतोय?’ असं विचारलंय, आणि निकषातला एक गुण नेमका त्या विचारण्याला आहे. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक मुलांना दिसत नाही.

असंच बाहेरच्या पुराव्याचं. एक जण अभिमानाने सांगतो, ‘मी राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या चौदा कलमांचा दाखला दिला.’ दुसरा म्हणतो, ‘अरे, ती १९१८ ची. प्रश्न १९१० पर्यंतचाच होता.’ पूर्वपीठिका म्हणून कोणी ‘तेव्हा देशात बरेच बदल होत होते’ असं एक वाक्य टाकलेलं असतं. दुसऱ्याने लिहिलेलं असतं की १८९० च्या जनगणनेने पश्चिमेची सीमारेषा संपल्याचं नोंदवलं, खंडभर पसरण्याची सवय लागलेल्या देशाने मग समुद्रापलीकडे पाहायला सुरुवात केली, आणि त्यावर दोन-तीन वाक्यांत प्रश्नापर्यंत पूल बांधलेला असतो. पहिल्याला शून्य, दुसऱ्याला गुण. तो अर्ध्या मिनिटाचा संवाद पुढच्या परीक्षेपर्यंत डोक्यातून जात नाही.

लेखी प्रश्नांच्या बाबतीत हे सगळं आज थोडं थांबून का होईना, करता येतं. मग बहुपर्यायी प्रश्नांत असं काय शिकण्यासारखं असतं, असं कोणी म्हणेल. पुष्कळ असतं. या परीक्षेत सुटे सनावळीचे प्रश्न नसतात. एक उतारा, चित्र किंवा नकाशा देऊन त्यावर तीन-चार प्रश्न विचारतात आणि प्रत्येकाला चार पर्याय. समजा, गुलामीतून निसटून तिच्याविरुद्ध लढणाऱ्या फ्रेडरिक डग्लसने ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टरमध्ये केलेल्या भाषणाचा उतारा आहे. गुलामाला तुमच्या स्वातंत्र्यदिनाचं काय, असा त्याचा सवाल. प्रश्न असा की या उताऱ्यातल्या संतापाला लगतची कुठली घटना सगळ्यांत जास्त कारणीभूत? पर्यायांत १८२० ची मिसुरी तडजोड आहे, १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा आहे, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा आहे आणि कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल आहे. चारही गोष्टी गुलामगिरीच्या वादाशी घट्ट जोडलेल्या. ज्याने ‘ड्रेड स्कॉट’ हे नाव पाठ केलंय आणि ज्याला तो निकाल फार अन्याय्य वाटतो, तो हमखास चौथा पर्याय निवडतो. तो निकाल भाषणानंतर पाच वर्षांनी लागला, हे त्याच्या ध्यानात येत नाही. या पेपरातला चुकीचा पर्याय बहुतेकदा खोटा नसतो. तो चुकीच्या काळातला असतो, किंवा बरोबर काळातला पण विचारलेल्या कारणाशी न जुळणारा असतो.

ही चूक सापडते कशी? कोणीतरी शेजारी उभं राहून ‘मी दुसरा निवडला, कारण भाषण १८५२ चं आहे’ असं म्हटल्यावर. आजच्या नियमाप्रमाणे हे वाक्य उच्चारणंच गुन्हा ठरतं. ४० टक्के वजनाच्या भागात मूल काय चुकलं, हे त्याला जन्मभर कळत नाही.

या गुप्ततेमागची कारणं पोकळ नाहीत, ती नीट समजून घ्यायला हवीत. एक, सगळी मुलं एकाच दिवशी बसत नाहीत. आजारपण किंवा वेळापत्रकातल्या अडचणींमुळे काही जण मेच्या तिसऱ्या आठवड्यात उशिराची परीक्षा देतात, आणि हवाईपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत घड्याळंही वेगवेगळी. दोन, दरवर्षीच्या पेपरांची काठिण्यपातळी जुळवायला काही जुने प्रश्न नव्या पेपरांत मिसळतात. दोन्ही वर्षांच्या मुलांनी ते कसे सोडवले यावरून यंदाचा पेपर गेल्या वर्षीपेक्षा अवघड होता की सोपा, हे काढता येतं. तो प्रश्न फुटला तर मोजपट्टीच वाकडी होते. तीन, उताऱ्यावरचा एक चांगला बहुपर्यायी प्रश्न तयार करायला वेळ आणि पैसा लागतो. मूळ साधन शोधा, परवानगी घ्या, भाषा तपासा, मुलांवर आजमावून पाहा, दोन उत्तरं बरोबर ठरत असतील तर फेकून द्या.

यातलं पहिलं कारण काही आठवड्यांचं आहे. उशिराची परीक्षा संपली की तेही संपतं, आणि तिला पेपरही वेगळाच असतो. दुसरं कारण मिसळलेल्या थोड्या प्रश्नांपुरतं आहे. तेवढे झाकून ठेवून उरलेले खुले करता येतात. तिसरं कारण पैशाचं आहे, आणि परीक्षेसाठी प्रत्येक मुलाकडून शुल्क घेतलं जातं. ज्या कुटुंबाने ते भरलं, त्याला आपल्या मुलाचा पेपर पाहायचा हक्क असावा, ही मागणी जास्तीची नाही.

अमेरिकेत ही मागणी नवीनही नाही. न्यूयॉर्क राज्याने १९७९ मध्ये कायदा करून प्रवेशपरीक्षांचे प्रश्न आणि उत्तरं परीक्षेनंतर उघड करायला लावली. १ जानेवारी १९८० पासून तो लागू झाला. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी तेव्हा जोरदार विरोध केला होता. उघडेपणाची ती हवा लागल्यावर लगेच काय झालं ते पाहा. १९८० च्या पीएसएटीमध्ये, म्हणजे एसएटी या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेच्या पूर्वपरीक्षेत, भूमितीचा एक प्रश्न होता. चौकोनी तळाचा एक पिरॅमिड, ज्याच्या बाकीच्या बाजू समभुज त्रिकोणाच्या, आणि त्याच मापाच्या समभुज त्रिकोणांचा बनलेला दुसरा, चार बाजूंचा पिरॅमिड. दोघांची एकेक बाजू तंतोतंत चिकटवली तर बाहेरून किती बाजू दिसतील? उत्तरतालिकेत होतं ७. पाच अधिक चार, वजा चिकटलेल्या दोन. फ्लोरिडातल्या एका शाळकरी मुलाने ५ लिहिलं होतं आणि त्याला चूक दिली होती. प्रश्न उघड झाल्यामुळे त्याला दाद मागता आली. चिकटवल्यावर दोन ठिकाणी शेजारच्या बाजू एकाच पातळीत येऊन सलग एक बाजू होतात, म्हणून पाचच उरतात, हे त्याचं म्हणणं खरं निघालं आणि हजारो मुलांचे गुण सुधारावे लागले. कागदाचे दोन पिरॅमिड कापून चिकटवून पाहा, पाच मिनिटांत पटेल. तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेली चूक मुलाला दिसली, कारण त्याला स्वतःचं उत्तर आणि उत्तरतालिका शेजारी ठेवता आली. इतिहासात तर शब्दांच्या छटांवर सगळं चालतं. ‘सर्वांत थेट कारण’ आणि ‘सर्वांत महत्त्वाचं कारण’ यांत दोन सज्जन इतिहासकारांचंही भांडण होऊ शकतं. तिथे दाद मागायची सोय भूमितीपेक्षा जास्त गरजेची आहे.

खुद्द या विषयाच्या बाबतीत कुलूप एकदा उघडलंही गेलंय. २०१४ मध्ये अभ्यासक्रमाची नवी चौकट आली तेव्हा तिच्यात देशाची काळी बाजूच जास्त दिसते, असा आरोप झाला. रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने ठराव केला. कोलोरॅडोतल्या जेफरसन काउंटीत शाळामंडळ अभ्यासक्रम तपासायला निघालं, तर शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. त्या गदारोळात कॉलेज बोर्डाने एरवी शिक्षकांपुरता ठेवलेला संपूर्ण सराव पेपर सर्वांसाठी खुला केला, की लोकांनी स्वतःच वाचून ठरवावं. परीक्षेचं त्याने काही बिघडलं नाही. २०१५ मध्ये चौकट सुधारून आली. संशय दूर करायचा तर पेपर दाखवण्यासारखं दुसरं काही नाही, हे बोर्डाने तेव्हा स्वतःच दाखवून दिलं. मग एरवी मुलांना तो का दाखवू नये?

अलीकडचा आकडाही याच दिशेने बोट दाखवतो. या विषयात ३ किंवा त्याहून जास्त गुण मिळवणाऱ्यांचं प्रमाण २०२३ मध्ये साधारण ४८ टक्के होतं, २०२४ मध्ये ते ७२ टक्क्यांच्या आसपास गेलं. मुलं एका वर्षात एवढी हुशार झाली नाहीत. गुणांच्या रेषा ठरवायची पद्धत बदलली. महाविद्यालयांतल्या गुणदानाशी ती जुळवून घेतली, असं बोर्डाचं म्हणणं आहे आणि ते बरोबरही असू शकेल. पण पालकांना, शिक्षकांना, गुण पाहून क्रेडिट देणाऱ्या महाविद्यालयांना हे पडताळून पाहायचं असेल तर त्यांच्यापुढे पूर्ण पेपर असायला हवा.

आपल्याकडची पद्धत इथे आठवते. महाराष्ट्र बोर्डाची प्रश्नपत्रिका मुलांबरोबर घरी येते, पैसे भरून उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागता येते. एमपीएससी पूर्व परीक्षेनंतर उत्तरतालिका प्रसिद्ध करते, हरकती मागवते आणि सुधारित तालिका काढते. त्यात काही प्रश्न रद्दही होतात. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकाराखाली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. याचा अर्थ आपली परीक्षा जास्त चांगली असा मुळीच नाही. पेपर खुले असूनही आपल्या इतिहासाच्या पेपरात कारणं लिहा, टिपा लिहा हाच पाढा राहिला, आणि खुल्या पेपरांतून अपेक्षित प्रश्नसंचांचा धंदा उभा राहिला. विचार करायला लावणारे प्रश्न अमेरिकेच्या पेपरात आहेत, उघडेपणा आपल्या पद्धतीत आहे. एकाच मुलाला दोन्ही मिळायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट. जूनमध्ये हजारो शिक्षक आणि प्राध्यापक हे पेपर तपासायला बसतात. पहिला खरा पेपर हातात घेण्याआधी त्यांना नमुना उत्तरं देतात. प्रत्येकाने गुण द्यायचे, मग शेजाऱ्याशी पडताळून पाहायचे. तू याला थीसिसचा गुण का दिलास, मी का नाही दिला, यावर चर्चा होते आणि हळूहळू सगळ्यांची मोजपट्टी एक होते. उत्तर जोखायला शिकण्याचा याहून चांगला मार्ग कोणाला सापडलेला नाही. परीक्षकाला जे शिकायला चर्चा लागते, ते परीक्षार्थीने गप्प राहून शिकावं, ही अपेक्षा चुकीची आहे.

तरीही पेपर सुटल्यावरच्या सगळ्याच गप्पा कामाच्या नसतात. एपीच्या परीक्षा मेमधल्या दोन आठवड्यांत दाटीवाटीने असतात, एक सकाळी ८ ला तर दुसरी दुपारी १२ ला. सकाळच्या पेपराचं पोस्टमॉर्टेम करत बसलेलं मूल दुपारचा पेपर घालवून बसतं. दुसरं म्हणजे, सगळ्यांना एकच पेपर आलेला असतो असं नाही. दुसऱ्या राज्यातल्या भावंडाशी उत्तर जुळलं नाही म्हणून रडायची वेळ येते आणि नंतर कळतं की प्रश्नच वेगळा होता. तिसरं, ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर बरोबर, असं घोळक्यात फार लवकर ठरतं. आणि स्मृती लबाड असते. संध्याकाळपर्यंत मूल जे लिहायला हवं होतं तेच आपण लिहिलं असं मानू लागतं.

यावर उपाय साधा आहे आणि तो आजच्या नियमांतही बसतो. परीक्षागृहातून बाहेर आल्यावर, कोणाशीही बोलायच्या आधी, दहा मिनिटांत फक्त लेखी उत्तरांचं टिपण स्वतःच्या वहीत करायचं. आपला थीसिस शक्य तितका शब्दशः, पूर्वपीठिका म्हणून काय लिहिलं, सातांतले किती दस्तऐवज वापरले, कुठल्या दोनांच्या लेखकाबद्दल किंवा हेतूबद्दल बोललो, बाहेरचा पुरावा कोणता. वही बंद करून बॅगेत. प्रश्न संकेतस्थळावर आल्यानंतर दोघं-तिघं बसून एकमेकांचं टिपण सातांपैकी जोखायचं, स्वतःचं नाही. दुसऱ्याला गुण नाकारताना निकषातला नेमका शब्द दाखवायचा. पुढे बोर्ड प्रत्यक्ष मुलांची नमुना उत्तरं गुण आणि कारणांसह प्रसिद्ध करतं, तेव्हा आपलं जोखणं कुठे सैल होतं ते कळतं. बहुपर्यायी भाग खुला झाला तर त्यालाही हीच शिस्त लावता येईल. कुठला पर्याय निवडला यापेक्षा उरलेले तीन कशामुळे बाद केले, ते लिहायचं.

मराठी घरांत एक अडचण हमखास ऐकू येते, की आम्हाला अमेरिकेचा इतिहास येत नाही, आम्ही काय बोलणार? तसं नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेला खात्री होती की आपल्या कापसावाचून इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील आणि इंग्लंड आपल्या बाजूने उतरेल. तसं झालं नाही. इजिप्त आणि हिंदुस्थानातून कापूस गेला, १८६१ ते ६५ मध्ये मुंबईत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपताच भाव कोसळून शहराचं दिवाळं निघालं. वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाची गोष्ट ज्या घरात माहीत आहे, त्या घरातल्या मुलाला दक्षिणेचं कापसाचं राजकारण का फसलं याचा दस्तऐवजाबाहेरचा पुरावा जेवणाच्या टेबलावर मिळतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. त्याच वर्षी १३ एप्रिलला लुईझियानातल्या कोलफॅक्समध्ये कृष्णवर्णीयांचं हत्याकांड झालं, आणि १८७७ पर्यंत मुक्त झालेल्यांना दक्षिणेत असलेलं केंद्राचं लष्करी पाठबळ निघून गेलं. मग ती अर्पणपत्रिका चुकीची होती का? फुले अमेरिकनांची पाठ थोपटत होते, की त्यांच्याकडे बोट दाखवून आपल्या देशबांधवांना शूद्रांच्या दास्याबद्दल जाब विचारत होते? हे कोणासाठी लिहिलं, कशासाठी लिहिलं, असा प्रश्न फुल्यांच्या दोन ओळींना विचारता आला की तोच मॅहनलाही विचारता येतो.

तेव्हा पेपर दाखव म्हणण्याची सोय होईपर्यंत आईवडिलांनी एवढं करावं. प्रश्न संकेतस्थळावर आल्याच्या संध्याकाळी चहा पुढे ठेवून विचारावं, ‘तू कुठलं कारण सगळ्यांत वर ठेवलंस? आणि दुसरं एखादं वर ठेवणाऱ्या मैत्रिणीला काय उत्तर देशील?’ मग मध्ये न बोलता ऐकावं.